दाबकेकाकांची तोटी

"दिसतंय का?" गुरुप्रसाद दाबक्यांनी विचारलं.

"दिसतंय," गार्गीने पुस्तकातून मान वर न करता सांगितलं.

"अगं, बघ तरी आधी!"

गार्गीने बघितलं. वडील हॉलच्या मधोमध हात बाजूला सोडून उभे होते. अंगात इस्त्रीचा बुशशर्ट, खाली पायजमा, आणि बुशशर्टाच्या आत उजव्या कुशीला एक गोल उंचवटा. माणसाचं पोट जेवल्यावर एकाच बाजूने भरावं तसा.

"दिसतंय," ती पुन्हा म्हणाली. "आणि चहा गार होतोय."

तो शुक्रवार होता आणि दाबक्यांच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता. पण तसं कुणाला वाटायचं काही कारण नव्हतं. दोह्यातल्या अल सद्द भागातल्या त्यांच्या फ्लॅटचा एसी नेहमीसारखाच घरघरत होता, सुट्टीमुळे खालचा रस्ता रिकामा होता, आणि सत्तरी ओलांडलेला एक गृहस्थ लहानसं रिव्हॉल्व्हर अंगावर नेमकं कुठे बांधावं म्हणजे ते टोचणार नाही आणि दिसणारही नाही, या एकाच प्रश्नाने पछाडलेला होता.

रिव्हॉल्व्हर लाकडाचं होतं. नळी म्हणजे गार्गीच्या लाटण्याची एक मूठ. गोळ्यांचं चक्र म्हणजे सीटकव्हर शिवणाऱ्या हमीदभाईंच्या दुकानातलं दोऱ्याचं रिकामं रीळ. दस्ता फळांच्या खोक्याच्या फळीतून कोरलेला, आणि वरून बुटाचं काळं पॉलिश. दाबक्यांच्या सगळ्या बनियनांना त्या पॉलिशचे डाग पडले होते आणि गार्गी तेव्हापासून एका मुठीच्या लाटण्याने पोळ्या लाटत होती.

मिहीरच्या नाटकात दाबक्यांना काम मिळालं होतं. मिहीर गॅस कंपनीत इंजिनिअर होता आणि दरवर्षी मराठी मंडळासाठी एक नाटक लिहून बसवत असे. दाबक्यांनी त्याच्या पहिल्या नाटकात पडदा ओढला, दुसऱ्यात फोनवरचा आवाज दिला आणि गेल्या वर्षी प्रेताचं काम केलं. प्रेताचं काम चांगलं झालं असं सगळे म्हणाले, पण त्यांना कुणी तसं तोंडावर सांगितलं नाही. गार्गीला त्यांनी स्वतः विचारलं होतं. ती "ठीक होतं" म्हणाली. गार्गीने पुष्कळ वाचलं होतं, आणि पुष्कळ वाचलेल्या माणसाचा "ठीक" हा शब्द साध्या माणसाच्या "वा!"च्या तोडीचा असतो, अशी तिची समजूत होती. वडिलांची नव्हती.

यंदा मात्र नशीब फळफळलं होतं. नाटकात एक गर्भश्रीमंत मालकीणबाई होत्या आणि त्यांचा एक हेडक्लार्क. हा हेडक्लार्क दोन अंक नुसतं "होय बाईसाहेब" म्हणतो आणि तिसऱ्या अंकात कोटाच्या आतून रिव्हॉल्व्हर काढून बाईंवर रोखतो. ही गोष्ट मिहीरने बाकीच्या नटांपासूनही लपवली होती. त्यांना सांगितलं होतं की हेडक्लार्क राजीनामा काढतो. खरं काय ते मिहीर, दाबके, प्रॉम्प्टिंग करणारी गार्गी आणि हमीदभाई एवढ्यांनाच ठाऊक होतं.

"मला टाळ्या नकोत," दाबके म्हणत. "आख्ख्या हॉलमध्ये एक माणूस खरा दचकला पाहिजे. बस्स."

दाबक्यांचं आयुष्य नाशिकला नळ बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस म्हणून गेलं होतं. त्यामुळे कामाला लागले की ते मुळापासून लागत. गार्गीच्या लॅपटॉपवर त्यांनी एका जाडजूड अमेरिकन गृहस्थाचे व्हिडिओ बघितले. हा गृहस्थ खुर्चीत बसून, वाकून, उड्या मारून होल्स्टर, म्हणजे हत्यार अंगावर बांधायचा कप्पा, तपासायचा. त्याचे नियम दाबक्यांना आपल्या कारखान्यातल्या नियमांइतके पटले. चाप पूर्ण झाकलेला हवा. उलटं धरलं तरी हत्यार पडता कामा नये. उभं राहून कुठलंही होल्स्टर बरंच वाटतं, परीक्षा बसल्यावर होते. नवे बूट घरात घालून पायाला सरावाचे करतात तसं होल्स्टरही दिवसेंदिवस बांधून हिंडलं पाहिजे. आणि शेवटचा नियम असा, की लोक तुमच्या कमरेकडे बघत नाहीत. तुमचा हात सारखा तिकडे जातो, म्हणून बघतात.

दाबक्यांनी घोट्याला बांधून बघितलं. पायजम्यातून हत्यार काढताना ते दिवाणावरून घसरले. बगलेत बांधलं, तर गळू झाल्यासारखा हात अंगापासून लांब धरून हिंडावं लागलं. खिशात ठेवलं तर बटाटा ठेवल्यासारखं दिसलं. पॅंटच्या आत खोचलं तेव्हा उभ्याने काही दिसेना, पण जेवायला बसल्यावर नळी अशा जागी टोचली की त्यांनी वरण-भात उभ्यानेच खाल्ला.

"हे दोहा आहे बाबा," गार्गीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "ही वस्तू दाराबाहेर जाणार नाही. प्रयोगाच्या दिवशी मिहीर हॉलवाल्यांना दाखवून, परवानगी घेऊन नेईल. तोवर घरात."

"मग सराव कसा करू?"

"घरात करा."

"अगं, जिना, गाडी, भाजीवाला, हे घरात कुठून आणू?"

यावर तोडगा त्यांनीच काढला. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना स्मृतिचिन्ह म्हणून एक पितळी तोटी दिली होती. तिला चकाकी होती, वजन होतं, आणि आडवी धरली तर आकार थेट लहान रिव्हॉल्व्हरचा. बाहेर जाताना होल्स्टरमध्ये तोटी, घरी आल्यावर रिव्हॉल्व्हर. नळाची तोटी बाळगायला जगात कुठेही बंदी नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खोडून काढण्यासारखं गार्गीच्या वाचनात काही आलेलं नव्हतं.

त्या शुक्रवारी चहा होतो न होतो तोच हमीदभाई आले. मूळचे रत्नागिरीचे, आणि दोह्यात गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान. नमाजाला जायच्या आधी ते मुद्दाम वाट वाकडी करून आले होते. काखेत कागदात गुंडाळलेला पट्टा होता.

"दाबकेसाहेब, आता ह्याच्यापुढं माज्याकडं अक्कल नाय," ते म्हणाले. "हा शेवटचा. बघा."

पट्टा गाडीच्या सीटबेल्टचा होता. आतून सीटला लावतात तो मऊ फोम, वरून रेक्झिन, कुशीला शिवलेला कप्पा आणि बाजूला सीटबेल्टचंच बक्कल. दाबक्यांनी तो बनियनवर बांधला. टक् आवाज झाला.

"बसा आता."

दाबके बसले. वाकले. पाय वर घेऊन मांडी घातली. चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरलं की गार्गीने पुस्तक मिटलं.

"हमीदभाई, हे बांधलंय असं वाटतच नाही हो! उलट पाठीला आधार वाटतोय."

"गाडी ठोकली तरी निघनार नाय."

"आणि रिव्हॉल्व्हर?"

हमीदभाईंनी बक्कल ओढून बघितलं. "तेसुद्दा निघनार नाय. जरा जोर लावा. सरावानं निघंल, इन्शाल्ला."

*

दुपारी शोभाताईंकडे तालीम होती. शोभाताई मूळच्या पुण्याच्या, मंडळाच्या अध्यक्ष, आणि दाबक्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. नाटकात अर्थातच त्या मालकीणबाई होत्या. एकही वाक्य पाठ करायचं नाही हा त्यांचा नेम होता. विंगेतून गार्गी जे सांगेल ते त्या खणखणीत आवाजात म्हणत. एका प्रयोगात गार्गीला शिंक आली, तर शोभाताईंनी तीसुद्धा शिंकून दाखवली होती. प्रेक्षकांना ते फार नैसर्गिक वाटलं.

तालमीच्या आधी दाबके नवा पट्टा बांधून, आत तोटी घालून कोथिंबीर आणायला गेले. चालताना सारखा हात कुशीकडे जात होता. अमेरिकन गृहस्थाचा शेवटचा नियम त्यांना पाठ होता, पण हाताला नव्हता. परत येताना लिफ्टमध्ये शोभाताई भेटल्या.

"काय काका, बरं आहे ना? सारखा हात का लावताय पोटाला?"

"कुठे? नाही, काही नाही," असं म्हणून दाबक्यांनी घाईघाईने हात काढला आणि लिफ्टचं बटण दाबायला वर केला. हाताबरोबर बुशशर्टही वर गेला. बाकी काही दिसलं नाही. दिसला तो एक रुंद काळा पट्टा, आणि त्यातून पोटातून आल्यासारखं बाहेर डोकावणारं, दिव्याखाली चमकणारं पितळी नळाचं तोंड.

शोभाताईंनी ते बघितलं आणि बघितलंच नाही असं केलं. हे त्यांना उत्तम जमत असे. लिफ्ट थांबेपर्यंत त्या कोथिंबिरीच्या भावाबद्दल बोलत राहिल्या. घरात शिरल्याबरोबर मात्र त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर संदेश टाकला. त्याआधी दाबक्यांना आणि गार्गीला ग्रुपमधून तेवढ्यापुरतं काढायला त्या विसरल्या नाहीत.

"दाबकेकाकांना पोटाला नळी बसवली आहे. साधी नाही, तोटीची. मी डोळ्यांनी पाहिलं. कुणीही त्यांना विचारू नये. गार्गीलाही नाही. ते लपवत आहेत, आपण त्यांच्या स्वाभिमानाचा मान ठेवू."

तासाभरात त्यांच्या स्वाभिमानाचा मान ठेवायला अख्खं मंडळ शोभाताईंकडे जमलं. तालमीला ज्यांचं काही काम नव्हतं तेही आले. दाबके आत आले तेव्हा सोफ्यावरचे सगळे उठले. पाठीला उशी आली, पायाखाली मुढा आला.

"काका, डाळिंबाचा रस."

"अरे, मला कशाला?"

"नुसता रस आहे. चोथा काढलाय," मंडळातली नमिता हळूच म्हणाली. "म्हणजे अडकायला नको."

"काय अडकायला नको?"

नमिताने डोळ्यांना रुमाल लावला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

गार्गीला कुणी काही विचारलं नाही, पण प्रत्येक जण तिचा हात हातात घेऊन थोडा वेळ धरून ठेवत होता. तिला वाटलं, आपल्याला परगावी नोकरी लागल्याची अफवा उठली असावी.

"बाबा ठणठणीत आहेत," शेवटी तीच म्हणाली.

"हो गं, हो," शोभाताई म्हणाल्या आणि बाजूच्या बाईला म्हणाल्या, "बघितलंस? डोळ्यांत टिपूस नाही. पोरीने फार सोसलंय."

तालीम सुरू होण्याआधी शोभाताईंनी मिहीरला अध्यक्ष या नात्याने सांगितलं, की काकांवर ताण नको. हेडक्लार्कचं काम कापून टाक. फार तर पहिल्या अंकात एकदा "होय बाईसाहेब" म्हणून जाऊ देत. हे दाबक्यांच्या कानावर गेलं आणि त्यांचा चेहरा पडला. ते मिहीरला स्वयंपाकघरात घेऊन गेले.

"अरे, हे काय चाललंय? माझं काम का कापताय?"

"काका, don't worry, तुमची health first. पोटाचं काय ते नीट होऊ दे."

"पोटाला काही नाही माझ्या! होल्स्टर आहे ते! हा बघ!"

आणि दाबक्यांनी एका हाताने बुशशर्ट वर करून दुसऱ्या हाताने झोकात हत्यार उपसलं. पट्टा नवा होता, जोर लावावा लागला, पण हत्यार निघालं. त्यांच्या हातात तोटी होती.

नेमक्या त्याच क्षणी शोभाताई दुसरा रसाचा पेला घेऊन दारात उभ्या राहिल्या. पेला फरशीवर पडला.

"अहो काका! ती आधी परत लावा!"

बाहेरचे सगळे धावत आले. दाबके एका हातात बुशशर्ट आणि दुसऱ्या हातात तोटी धरून उभे होते, आणि फरशीवर सगळीकडे लाल रस. वरुण नावाचा एक उंचापुरा गडी, जो नाटकात इन्स्पेक्टर होता, भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला.

"लावा हो काका, लावा! ॲम्ब्युलन्स बोलावू का?"

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मिहीरने तोंड उघडलंही होतं. पण दाबक्यांनी त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. होल्स्टर म्हटलं की रिव्हॉल्व्हर आलं, रिव्हॉल्व्हर म्हटलं की तिसरा अंक उघडा पडला, आणि मग हॉलमध्ये कोण दचकणार? त्यांनी शांतपणे तोटी कप्प्यात घातली, बुशशर्ट खाली घेतला आणि म्हणाले, "काही नाही. कधी कधी निघते."

गार्गी दारात उभी होती. हसू इतकं अनावर झालं होतं की तिने ओठ दातांखाली धरून खिडकीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलताना बघून नमिता पुन्हा रडू लागली.

शेवटी तडजोड झाली. काम कापायचं नाही, पण काकांनी तिसरा अंकही खुर्चीत बसूनच करायचा. उभं राहायचं नाही. मिहीरने हे त्यांना भीतभीतच सांगितलं, कारण बसलेल्या माणसाला पट्ट्यातून हत्यार काढणं सगळ्यात अवघड, हे त्यालाही आता कळलं होतं.

"बसून?" दाबक्यांचे डोळे चमकले. "मग कप्पा कुशीला नको. पोटावर आडवा घ्यायला हवा."

*

रात्री दाबके बराच वेळ आपल्या खोलीत होते. मग हात-पाय धुऊन, धुतलेला सदरा घालून जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले. गार्गी समोर पुस्तक उघडून चहा घेत होती. त्यांनी संत्रं सोलायला घेतलं. दोन्ही हात टेबलावर, नजर सालीवर. "दिसतंय का" त्या दिवसांत त्यांनी इतक्यांदा विचारलं होतं, आत्ता एकदाही विचारलं नाही. दमले असतील, असं तिला वाटलं.

"तुझी आई साल एका तुकड्यात काढायची," ते म्हणाले.

"हो," गार्गी म्हणाली आणि पान उलटलं.

टक्.

तिने मान वर केली तर लाटण्याच्या मुठीचं काळं तोंड तिच्या कपाळासमोर होतं. गार्गी खुर्चीसकट मागे सरकली. कप कलंडला, चहा पुस्तकावर गेला आणि तिथून मांडीवर. घशातून आवाज निघणारच होता, तो तिने कसाबसा गिळला.

वडील मात्र रिव्हॉल्व्हर तसंच धरून, लहान मुलासारखे तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होते.

"दचकलीस?"

गार्गीने पुस्तकावरचा चहा पदराने टिपावा तसा ओढणीने टिपला.

"नाही. दिसत होतं मघापासून."

"पण तू तर कप..."

"हात लागला."

"कुठून दिसत होतं?"

"उजवीकडून," गार्गी म्हणाली, कारण काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

दाबक्यांनी रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं. ते नाराज झाले नाहीत. तपासनिसाने दोष दाखवला की कारखान्यात नाराज व्हायची पद्धत नसते. त्यांनी सदरा चाचपला, पट्टा अंमळ डावीकडे सरकवून बघितला आणि मान डोलावली.

"बरोबर. रीळ थोडं वर येतंय. उद्या हमीदला सांगतो."

मग उरलेलं संत्रं त्यांनी तिच्यापुढे सरकवलं आणि झोपायला गेले.

शनिवारी सकाळी ते उठले नाहीत.

*

डॉक्टरांनी हृदय लिहिलं. मंडळाने तोटीच धरली.

"शेवटच्या दिवशीसुद्धा स्वतः कोथिंबीर आणायला गेले होते हो," शोभाताई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. "पोटाला तोटी, आणि तोंडावर हसू."

ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. तिच्यात मध्येच कुणीतरी विचारलं, की हॉल तर घेऊन ठेवला आहे, मग प्रयोगाचं काय? त्याखाली पुन्हा हात जोडलेली चित्रं. त्याखाली कुणीतरी लिहिलं, की काकांना हेच आवडलं असतं. प्रत्येक जण आपल्याला जे हवं ते काकांना आवडलं असतं असं सांगू लागला, आणि शेवटी ठरलं की आधी श्रद्धांजली, मग नाटक, मग साबुदाणा वडा.

गार्गी वडिलांना नाशिकला घेऊन गेली, सगळं उरकून परत आली आणि कामावर रुजू झाली. तिच्या डोळ्यांत अजूनही कुणाला टिपूस दिसलं नव्हतं. तिने मंडळाला खरं काय ते सांगायचं ठरवलं होतं. तेवढ्यात हमीदभाईंचा फोन आला.

"गार्गीबेटा, तुजी परवानगी पायजे. शोभाताईंनी पट्टा मागितलाय."

"कसला पट्टा?"

"दाबकेसाहेबांचा होता तसाच. कंबरदुखीला. त्यांनी बघितला होता ना. बोलतात, शेवटपर्यंत काका एवढे ताठ बसत, ते ह्या पट्ट्यामुळंच. आता नमिता मागते, वरुण मागतो. बांदून बघितला, सगळ्यांना आराम वाटतो."

"आणि कप्पा?"

"कप्पासुद्दा पायजे बोलतात. मोबाईल बसतो."

पलीकडून हमीदभाई काळजीच्या सुरात "बेटा? बेटा?" करत होते. शेवटी ती म्हणाली, "द्या. पण हमीदभाई, तो कशाचा आहे हे प्रयोग होईपर्यंत सांगू नका."

"मी कशाला सांगतोय! मला त्यांनी हेडक्लार्क केलाय."

हे मिहीरचं डोकं होतं. काम बसून करायचं होतं, आणि वाक्यं तर हमीदभाईंनाच काय, त्यांच्या शिलाई मशीनलाही पाठ झाली होती. इतक्यांदा दाबक्यांनी ती दुकानात म्हटली होती.

प्रयोगाच्या दिवशी हॉल गच्च भरला. शोभाताईंनी श्रद्धांजली वाहिली. मग काकांना पट्टा शिवून दिला या रुग्णसेवेबद्दल हमीदभाईंना शाल दिली. हमीदभाईंनी ती निखारा ठेवल्यासारखी खांद्यावर धरली आणि विंगेत येऊन गार्गीला म्हणाले, "खलास! ही शाल मला कबरीत टोचंल."

गार्गीने पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं. पहिल्या दोन रांगांमध्ये निम्मं मंडळ पाठ ताठ करून बसलं होतं. प्रत्येकाच्या पोटावर कपड्यांतून एक आडवा उंचवटा. दोह्यातल्या त्या सभ्य, पापभीरू लोकांनी पोटाला होल्स्टर बांधली होती आणि त्यांना ती फार सुखाची वाटत होती.

दोन अंक झाले. तिसऱ्यात पडदा उघडला तेव्हा हमीदभाई खुर्चीत होते. दोन्ही हात टेबलावरच्या फायलीवर, नजर फायलीवर. कोटाखालून पोटावरचा उंचवटा चांगला ठसठशीत दिसत होता. मंचावरच्या दिव्यांत तर फारच. आता सगळं उघडं पडणार, असं गार्गीला वाटलं. पण बाहेर बघितलं तर लोक त्या उंचवट्याकडे एकमेकांना खुणावून डोळे पुसत होते. नमिता कुजबुजली, "काकांचाच पट्टा." तो काय आहे हे सगळ्यांना ठाऊकच होतं. त्यामुळे आत काय आहे, हा प्रश्न एकाही माणसाला पडला नाही.

जाडजूड अमेरिकन गृहस्थाला हे होल्स्टर माहीत नव्हतं.

"हेडक्लार्क," गार्गीने विंगेतून सांगितलं.

"हेडक्लार्क!" शोभाताई गरजल्या. "आणा तो राजीनामा!"

"होय बाईसाहेब," हमीदभाई म्हणाले.

टक्.

लाटण्याची मूठ शोभाताईंच्या कपाळासमोर आली. हॉलमधून एकच आवाज उठला. कुणाची तरी पर्स पडली, एक लहान मूल रडायला लागलं, आणि आपलं काम दुसऱ्या अंकात संपवून पहिल्या रांगेत येऊन बसलेला वरुण उभाच राहिला. शोभाताई तर खऱ्या किंचाळल्या. मागे सरकताना त्यांनी पडदा धरला आणि अर्धा खाली ओढला. मग हळूहळू सगळं शांत झालं.

पुढचं वाक्य शोभाताईंचं होतं. त्या छातीवर हात ठेवून, डोळे विस्फारून विंगेकडे बघत होत्या. गार्गीसमोर संहिता उघडी होती आणि वाक्य समोरच होतं. तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. हमीदभाईंच्या हातातलं रिव्हॉल्व्हर हलत नव्हतं. त्यावरच्या पॉलिशवर वडिलांच्या अंगठ्याचा ठसा अजून होता.

"दचकले होते मी, बाबा," गार्गी कुजबुजली.

विंगेतून जे येईल ते म्हणायची शोभाताईंची सवय होती.

"दचकले होते मी, बाबा!" त्या हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, आणि पुढच्या वाक्यासाठी विंगेकडे बघू लागल्या.

हमीदभाईंनीही मान वळवली. गार्गीने संहिता मिटली. आता ती कुजबुजली नाही.

"दिसत नव्हतं," ती मोठ्याने म्हणाली. "कुठूनच दिसत नव्हतं."